माफी मागितली, पुढे काय?

९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असताना फ्रान्सचा कर्णधार झिनेदिन झिदानने इटलीच्या मार्को मातेराझीच्या छातीवर डोकं हाणलं. तीन दिवसांनी तो फ्रेंच दूरचित्रवाणीवर आला आणि त्याने माफी मागितली, ती सामना पाहणाऱ्या लहान मुलांची. मातेराझीची नाही. केल्याचा पश्चात्ताप होत नाही, कारण तसं म्हटलं तर समोरच्याने घातलेल्या शिव्या बरोबर ठरतील, असंही त्याने सांगून टाकलं.

मे २०१४मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू रे राइस पत्रकारांपुढे बसला. त्याने होणाऱ्या बायकोला मारून बेशुद्ध केलं होतं. त्याने संघाच्या मालकाची, व्यवस्थापकाची, प्रशिक्षकाची आणि चाहत्यांची माफी मागितली. बायको शेजारीच बसली होती, तिची मागितली नाही. मार्च २०२२मध्ये विल स्मिथने ऑस्करच्या मंचावर ख्रिस रॉकच्या कानशिलात लगावली आणि थोड्याच वेळात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक घेताना अकादमीची व इतर नामांकितांची क्षमा मागितली. रॉकचं नाव घेतलं नाही. मे २०२४मध्ये संगीतकार शॉन कोम्ब्सने हॉटेलच्या मार्गिकेत प्रेयसीला लाथा घातल्याची ध्वनिचित्रफीत बाहेर आल्यावर माफीचा व्हिडिओ टाकला. त्यातही कॅसी व्हेंचुराचं नाव नव्हतं.

चार माणसं, चार क्षेत्रं आणि अठरा वर्षांचं अंतर. तरी चौघांच्या पहिल्या जाहीर माफीतून नेमकं मार खाल्लेलं माणूस गळालेलं आहे. अशा माफीनंतर ही मंडळी वागली कशी, हे पाहायचं तर भाषणं बाजूला ठेवून कोर्टाचे आदेश, निलंबनाची पत्रं आणि कामाच्या तासांच्या नोंदी उघडाव्या लागतात. त्यांतून दिसतं ते चकित करणारं आहे. ज्याची माफी सर्वांत वाईट ठरली, तो पुढे बऱ्यापैकी सावरला. या चौघांबाहेरच्या एकाच्या माफीत सगळं जिथल्या तिथे होतं, पण त्याच्या नावापुढे प्रकरणं वाढत गेली.

माफीचे सहा भाग

अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक मांडले: खेद, घडलं कसं याचा खुलासा, चूक माझी ही कबुली, पुन्हा करणार नाही असं वचन, नुकसान भरून देण्याची तयारी आणि क्षमेची विनंती. वेगवेगळ्या घटकांच्या माफ्या लोकांना वाचायला देऊन त्या किती पटतात, हे त्यांनी विचारलं. सर्वांत जास्त वजन पडलं जबाबदारीच्या कबुलीला, त्याखालोखाल भरपाईच्या तयारीला. ‘मला क्षमा करा’ ही विनंती सर्वांत खाली राहिली.

या अभ्यासाची मर्यादा मात्र ध्यानात घ्यायला हवी. त्यात मोजलं गेलं ते ऐकणाऱ्याचं समाधान. मागणाऱ्याचं पुढचं वर्तन त्यात नव्हतं. प्रसिद्ध माणसांसाठी माफीचा मसुदा करून देणारे जनसंपर्क सल्लागार या सहाही गोष्टी जाणून असतात. त्यामुळे सहाच्या सहा घटक असलेली माफी सफाईदार आहे, एवढंच तिच्यावरून कळतं.

नाव का गळतं

याची एक मुळी करारांत आहे. १९२१मध्ये मूकपटांचा विनोदी नट फॅटी आर्बकल एका तरुणीच्या मृत्यूच्या प्रकरणात अडकला. पुढे १९२२मध्ये तो निर्दोष सुटला, पण तोपर्यंत हॉलिवुडने धसका घेतला होता. युनिव्हर्सल कंपनीने कलाकारांच्या करारात नीतिमत्तेचं कलम घातलं: नटाच्या वागण्याने लोकांत छी-थू झाली तर पगार थांबवण्याचा अधिकार कंपनीला. तेव्हापासून अशी कलमं मनोरंजन, खेळ आणि जाहिरातींच्या करारांत रुळली. या कलमाचा रोख कंपनीच्या अब्रूवर असतो. कोणाला किती लागलं, याचा त्याच्याशी संबंध नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा नियमही लीगवरच्या जनतेच्या विश्वासाला धक्का पोहोचवणाऱ्या वर्तनाबद्दल बोलतो. ज्याच्याशी करार, त्याचीच माफी आधी मागितली जाते ती यामुळे.

दुसरी मुळी वकिलांच्या सल्ल्यात आहे. खटला उभा राहण्याची शक्यता असेल तर ‘मी मारलं’ हे वाक्य उद्या पुरावा म्हणून वाचलं जाऊ शकतं. अपघातानंतर दाखवलेली सहानुभूती कबुली मानू नये, असा कायदा अमेरिकेत सर्वप्रथम मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६मध्ये केला. मात्र असे कायदे नुकसानभरपाईच्या दाव्यांपुरते असतात, मारहाणीच्या फौजदारी खटल्यात ते आरोपीच्या कामी येत नाहीत. म्हणून मसुद्यात ‘त्या रात्री जे घडलं’ असं कर्ता नसलेलं वाक्य येतं.

आणि तिसरी गोष्ट तारखांची. कोम्ब्सने डिसेंबर २०२३मध्ये आपल्यावरचे सगळे आरोप जाहीरपणे फेटाळले होते. मारहाण झाली होती ५ मार्च २०१६ रोजी, लॉस अँजेलिसच्या एका हॉटेलात. सीएनएनने तिचं चित्रण १७ मे २०२४ला दाखवलं आणि माफी आली १९ मेला. त्या माफीत त्याने उपचार घेतल्याचं सांगितलं, पूर्ण जबाबदारी घेतल्याचंही सांगितलं. तोवर या मारहाणीचा खटला भरण्याची मुदत संपली असल्याचं तिथल्या सरकारी वकिलांनी स्पष्ट केलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या खटल्यात साक्ष निघाली की हे चित्रण बाहेर येऊ नये म्हणून हॉटेलच्या सुरक्षारक्षकाला १ लाख डॉलर रोख दिले गेले होते. म्हणजे आठ वर्षं पश्चात्ताप नव्हता असं म्हणता येत नसलं, तरी आठ वर्षं चित्रण दडवण्याची खटपट होती हे म्हणता येतं. ऑक्टोबर २०२५मध्ये कोम्ब्सला ५० महिन्यांची कैद आणि ५ लाख डॉलर दंड झाला, तोही वेश्याव्यवसायासाठी माणसं राज्याबाहेर नेल्याच्या गुन्ह्यांत. कॅसीचं नाव घेऊन त्याने माफी मागितली ती शिक्षा ठरण्याच्या वेळी.

बाल्टिमोरचा खेळाडू

रे राइसचं प्रकरण तपशिलाने पाहण्यासारखं आहे. बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा तो हुकमी धावपटू. २०१२मध्ये त्याने ५ वर्षांसाठी ३.५ कोटी डॉलरचा करार केला होता आणि २०१३च्या फेब्रुवारीत त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला होता. १५ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने वाग्दत्त वधूला ठोसा मारला. चार दिवसांनी आलेल्या पहिल्या चित्रफितीत तो तिला बेशुद्धावस्थेत लिफ्टबाहेर ओढताना दिसला. लिफ्टच्या आत काय झालं, ते जगाने पाहिलं नव्हतं. मार्चच्या अखेरीस त्याच्यावर आरोप निश्चित झाले आणि दुसऱ्याच दिवशी दोघांनी लग्न केलं. पहिलाच गुन्हा म्हणून न्यायालयाने त्याला तुरुंगाऐवजी समुपदेशनाच्या देखरेखीखाली ठेवलं.

२३ मेच्या त्या पत्रकार परिषदेत राइस हातातल्या फोनमधलं टिपण पाहत बोलत होता. आपटून खाली पडणं म्हणजे अपयश नव्हे, पुन्हा न उठणं हे अपयश, असं तो बोलून गेला. ज्या बाईला त्याने आपटलं होतं ती हातभर अंतरावर बसली होती. क्लबने आपल्या अधिकृत ट्विटर खात्यावर त्या रात्रीतल्या स्वतःच्या वाट्याबद्दल तिला मनापासून खेद आहे, असं छापलं. मार खाणारीलाच खेद व्यक्त करायला लावणारा हा मजकूर सप्टेंबरमध्ये गुपचूप काढून टाकला गेला.

जुलैत लीगने दोन सामन्यांची बंदी घातली. त्याच उन्हाळ्यात गांजाच्या चाचणीत अडकलेल्या जॉश गॉर्डनला वर्षभराची बंदी होण्याची चिन्हं होती, त्यामुळे ओरड झाली. ३१ जुलैला राइस एकटा पत्रकारांपुढे आला आणि त्याने प्रथमच बायकोची माफी मागितली. ऑगस्टअखेर लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी आपला निर्णय चुकल्याचं मान्य करून नवं धोरण आणलं: घरगुती हिंसेच्या पहिल्या गुन्ह्याला ६ सामने, दुसऱ्याला कायमची बंदी. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रण आलं. रेव्हन्सने त्याच दिवशी राइसला काढलं, लीगने बेमुदत बंदी घातली.

नोव्हेंबरमध्ये निवृत्त न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून ही बंदी रद्द केली. जूनमध्ये बंद दाराआड राइसने गुडेलना दिशाभूल करणारं काही सांगितलं नव्हतं आणि एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा करता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. चार भिंतींआड खेळाडू बऱ्यापैकी खरं बोलला होता, तर बाहेर क्लबच्या छत्राखाली मात्र ती ओशाळवाणी माफी झाली होती.

बंदी उठली तरी राइस पुन्हा कधी खेळला नाही. २०१३चा त्याचा मोसम फिका गेला होता आणि धावपटूची उमेद लवकर ओसरते, हेही कारण त्यात होतं. २०१६मध्ये त्याने जाहीर केलं की कोणी संघात घेतलं तर वर्षाचा सगळा पगार घरगुती हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना देईन. कोणी घेतलं नाही. तो आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना खेळ शिकवायला मदत करू लागला, महाविद्यालयांच्या संघांपुढे जाऊन स्वतःचं उदाहरण सांगू लागला, लीगने खेळाडूंसाठी केलेल्या प्रशिक्षण-चित्रफितीतही बोलला. कोर्टाने सांगितलेला कार्यक्रम पुरा झाल्यावर २०१५मध्ये आरोप काढून टाकण्यात आले आणि त्यानंतर अशा प्रकरणात त्याचं नाव पुन्हा आलं नाही. ३१ डिसेंबर २०२३ला रेव्हन्सने त्याला आपल्या मैदानावर बोलावून गौरवलं. तो योग्य होता का, यावर तेव्हा वाद झाला, आणि तो व्हायलाही हवा होता. पण नऊ वर्षांचं वर्तन त्याच्या बाजूने बोलत होतं, एवढं खरं.

१४०० तासांचा हिशेब

ख्रिस ब्राउनचं उलट झालं. ८ फेब्रुवारी २००९च्या पहाटे, ग्रॅमी सोहळ्याच्या आदल्या रात्रीच्या मेजवानीहून परतताना, १९ वर्षांच्या या गायकाने लॉस अँजेलिसमध्ये गाडीत रिहानाला मारहाण केली. जुलैत त्याने व्हिडिओवर माफी मागितली. लेविकींच्या यादीशी ताडून पाहिली तर ती जवळपास परिपूर्ण होती: रिहानाचं नाव होतं, जबाबदारी होती, पुन्हा करणार नाही हे वचन होतं. लहानपणी घरात हिंसा पाहिल्याचा उल्लेखही होता.

त्याने गुन्हा कबूल केला होता. ऑगस्टमध्ये शिक्षा ठरली: ५ वर्षांची देखरेख, घरगुती हिंसाविरोधी ५२ आठवड्यांचा वर्ग आणि सुमारे १४०० तासांची अंगमेहनत. रिहानापासून ५० यार्ड दूर राहायचं, संगीतक्षेत्राच्या कार्यक्रमात दोघं असतील तर १० यार्ड चालतील, असं कोर्टाने आदेशात अंतरासकट घातलं. ५२ आठवड्यांचा वर्ग ही न्यायाधीशांची लहर नव्हती. कॅलिफोर्नियात जोडीदाराला मारल्याबद्दल तुरुंगाऐवजी देखरेख मिळवणाऱ्याला किमान वर्षभर, आठवड्याला दोन तास असा वर्ग करावाच लागतो आणि वर्ग चालवणाऱ्यांना कोर्टाकडे तिमाही अहवाल पाठवावा लागतो.

वर्ग पुरा झाला. कोर्टाने सुरुवातीला समाधान दाखवलं, २०११मध्ये रिहानापासूनच्या अंतराची अटही सैल केली. २२ मार्च २०११ला, नवा अल्बम बाजारात आला त्याच दिवशी, एका वाहिनीवरच्या मुलाखतीत रिहानाचा विषय निघाला आणि नंतर ब्राउनच्या खोलीतल्या खिडकीची काच फुटली. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी माफी. अल्बम मात्र अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि २०१२मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

फेब्रुवारी २०१३मध्ये सरकारी वकिलांनी मेहनतीच्या तासांची रजिस्टरं कोर्टापुढे ठेवली. ब्राउनला हे काम आपल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड पोलिसांच्या देखरेखीखाली करायची मुभा होती. बरेच तास एका बालसंगोपन केंद्रात फरशी घासून मेण लावण्याचे दाखवले होते. त्या केंद्रात पूर्वी गायकाची आई नोकरीला होती. हे तास विश्वासार्ह नाहीत, काही दोनदा मोजले आहेत, आणि एका नोंदीच्या वेळी तर तो खासगी विमानाने मेक्सिकोला निघाला होता, असा वकिलांचा आरोप होता. ब्राउनच्या बाजूने तो नाकारण्यात आला. ऑगस्टमध्ये ब्राउनने काही गैर केल्याची कबुली न देता तोडगा निघाला: आणखी १००० तास, आणि तेही लॉस अँजेलिस परिसरात, महामार्ग वा किनारा साफ करणं किंवा भिंतींवरची रंगरंगोटी पुसणं असल्या कामांत.

ते तास चालू असतानाच ऑक्टोबर २०१३मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका माणसाला ठोसा मारल्याबद्दल त्याला अटक झाली. पुढे त्याने तो गुन्हा मान्य केला. २०१४मध्ये देखरेखीच्या अटी मोडल्याबद्दल तो काही महिने तुरुंगात होता. मार्च २०१५मध्ये देखरेख संपली. २०१७मध्ये एका पूर्वीच्या प्रेयसीला त्याच्यापासून ५ वर्षांचं संरक्षण देणारा आदेश कोर्टाने दिला. २०२३मध्ये लंडनच्या क्लबात बाटलीने मारल्याच्या आरोपावरून त्याला २०२५मध्ये ब्रिटनमध्ये अटक झाली, तो आरोप त्याने नाकारला आहे. मैफली भरतच राहिल्या.

माफी हीच हिंसेची एक पायरी

घरातल्या हिंसेत माफीचं स्थान वेगळंच असतं. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी मार सोसणाऱ्या अनेक बायकांशी बोलून १९७९मध्ये एक चक्र मांडलं. आधी ताण वाढत जातो, मग मारहाणीचा स्फोट होतो, त्यानंतर रडणं, पाय धरणं, भेटवस्तू, ‘पुन्हा हात उचलणार नाही’ अशा शपथा, आणि मग हळूहळू पुन्हा ताण. प्रत्येक घरात हे चक्र असंच फिरतं असं नाही, यावर नंतरच्या अभ्यासकांनी बोट ठेवलं. तरी त्यातली एक गोष्ट टिकून आहे: तिसऱ्या पायरीवरची माफी अनेकदा मनापासून असते, आणि तीच बाईला घरात थांबवून ठेवते. खोटी माफी मागणारा आणि खरी माफी मागून पुन्हा मारणारा यांच्यात मार खाणारीला फारसा फरक पडत नाही.

माफी प्रामाणिक आहे का, हा वाहिन्यांवरच्या चर्चांचा आवडता प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. मारणाऱ्या पुरुषांच्या वर्गांवरही बरंच संशोधन झालं आहे, आणि सरासरीने पाहता त्यांचा परिणाम माफकच दिसतो. वर्षभर वर्गाला जाणं हे बदलाचं प्रमाणपत्र नव्हे, पण माफीच्या व्हिडिओपेक्षा ते तपासता येण्यासारखं नक्कीच आहे.

पुन्हा तोच प्रसंग

बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीस याने पश्चात्तापाची कसोटी सांगून ठेवली आहे. त्याच प्रसंगी, तीच संधी समोर असताना आणि अंगात तेवढीच ताकद असताना जो पुन्हा ते करत नाही, त्याचा पश्चात्ताप पुरा. खेळाडूंना ही कसोटी दर आठवड्याला द्यावी लागते, कारण तेच मैदान आणि तशीच चिथावणी पुन्हा समोर येते.

उरुग्वेचा लुइस सुआरेझ २०१०मध्ये हॉलंडमध्ये प्रतिस्पर्ध्याला चावला. माफी आणि ७ सामन्यांची बंदी. २०१३मध्ये इंग्लंडमध्ये चावला. माफी आणि १० सामन्यांची बंदी. २०१४च्या विश्वचषकात इटलीच्या किएलिनीला चावला. या वेळी आधी त्याने तोल गेल्याची सबब सांगितली, मग ३० जूनला किएलिनीचं नाव घेऊन माफी मागितली. ११ जुलैला त्याच्या बार्सिलोना प्रवेशाची घोषणा झाली. त्यानंतर तो कोणाला चावला नाही. ऑगस्ट २०२५मध्ये मात्र हरलेल्या अंतिम सामन्यानंतर समोरच्या संघाच्या कर्मचाऱ्यावर थुंकला आणि त्याचीही माफी मागितली.

माइक टायसनने २८ जून १९९७ला इव्हँडर होलिफिल्डच्या कानाचा तुकडा तोडला. दोन दिवसांत माफी आली, ३० लाख डॉलरचा दंड झाला, परवाना गेला. १९९८च्या जुलैत परवाना परत मागायला आलेला टायसन न्यू जर्सीतल्या सुनावणीत प्रश्नांनी चिडला. ऑगस्टमध्ये मेरीलँडमध्ये गाड्यांच्या किरकोळ धडकेवरून त्याने दोन वाहनचालकांना मारलं. ऑक्टोबरमध्ये नेवाडाने परवाना परत दिला, आणि फेब्रुवारी १९९९मध्ये त्या मारहाणीबद्दल तो तुरुंगात गेला. होलिफिल्डशी त्याची खरी दोस्ती झाली ती पुढे बऱ्याच वर्षांनी.

बास्केटबॉलपटू रॉन आर्टेस्टचा आलेख आणखी वेडावाकडा आहे. १९ नोव्हेंबर २००४ला डेट्रॉइटजवळच्या सामन्यात तो प्रेक्षकांत घुसून मारामारी करू लागला. ८६ सामने आणि सुमारे ५० लाख डॉलर त्याला गमवावे लागले. २००७मध्ये घरगुती हिंसेच्या प्रकरणात शिक्षा झाली. २०१०मध्ये विजेतेपद मिळाल्यावर त्याने मैदानावरूनच आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानले, विजेत्याची अंगठी सोडतीत काढून मानसिक आरोग्याच्या कामासाठी ५ लाखांहून अधिक डॉलर उभे केले, ज्याच्या फेकलेल्या पेल्याने २००४ची मारामारी पेटली त्या प्रेक्षकाशी मैत्री केली. आणि २०१२मध्ये जेम्स हार्डनला कोपर मारून पुन्हा ७ सामने बाहेर बसला. सुधारणेचा रस्ता सरळ नसतो, हे यावरून दिसतं. एक घसरण म्हणजे सगळं ढोंग, असा निकाल द्यायची घाई करू नये.

आपल्याकडे

२५ एप्रिल २००८ला आयपीएलमध्ये मोहालीत मुंबई इंडियन्स हरल्यावर हंगामी कर्णधार हरभजन सिंगने समोरच्या संघातल्या श्रीसंतला थोबाडीत दिली. सामनाधिकारी होते मुंबईचेच फारुख इंजिनियर. हरभजनला उरलेल्या ११ सामन्यांची बंदी झाली, मानधन गेलं, भारतीय क्रिकेट मंडळाने वर ५ एकदिवसीय सामन्यांची बंदी घातली. तीन वर्षांनी दोघं एकाच विश्वविजेत्या संघात होते. २०२५मध्ये रविचंद्रन अश्विनशी बोलताना हरभजन म्हणाला की आयुष्यातली एक गोष्ट पुसता आली तर हीच पुसेन आणि मी दोनशे वेळा तरी माफी मागितली असेल. श्रीसंतच्या छोट्या मुलीने ‘तुम्ही माझ्या बाबांना मारलंत’ म्हणून बोलायला नकार दिल्याचं त्यानेच सांगितलं. काही आठवड्यांत आयपीएलचे तेव्हाचे प्रमुख ललित मोदी यांनी त्या रात्रीचं न दाखवलेलं चित्रण बाहेर काढलं आणि सगळी चर्चा पुन्हा सुरू झाली.

दुसरं प्रकरण गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओतलं. जानेवारी २००८मध्ये चित्रीकरण पाहायला आलेल्या एका माणसाला गोविंदाने सर्वांदेखत थप्पड मारली. तो माणूस कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३मध्ये तक्रार रद्द केली, तरी त्याने दिल्ली गाठली. नोव्हेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रफीत पाहून नटाला सुनावलं की पडद्यावर करता ते रस्त्यावर करायची गरज नाही, आणि माफी मागायला सुचवलं. फेब्रुवारी २०१६मध्ये गोविंदाने बिनशर्त माफी आणि ५ लाख रुपये देऊ केले. थप्पड आणि माफी यांच्यात आठ वर्षं गेली, आणि ती सगळी तक्रारदाराने खेटे घालण्यात घालवली.

आपल्या कायद्यात साध्या दुखापतीचा गुन्हा तडजोडपात्र आहे. ज्याला मारलं त्याने मान्य केलं की प्रकरण मिटतं. पतीकडून होणाऱ्या छळाचा गुन्हा केंद्रीय कायद्यात तसा मिटवता येत नाही. मिटवण्याचा अधिकार मार खाणाऱ्याकडे राहतो, ही तडजोडीची जमेची बाजू. पण समोर नामवंत माणूस असेल तर दडपण कोणावर येतं, ते सांगायला नको. शिवाय प्रकरण मिटलं की पुढची देखरेख, वर्ग किंवा तास यांपैकी काहीच उरत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आली, मात्र ती किरकोळ चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी घातलेला धिंगाणा, बदनामी अशा मोजक्या गुन्ह्यांना. मारहाण तिच्यात नाही.

काय पाहावं

या सगळ्या नोंदींवरून नियम काढणं धाडसाचं होईल. राइस सावरला तो नोकरी गेल्यामुळे, बायको सोबत राहिल्यामुळे की स्वतःच्या निश्चयाने, हे बाहेरून सांगता येत नाही. ब्राउनला यश मिळत राहिलं म्हणून तो बिघडला, असंही सिद्ध करता येत नाही. तरी वाचकाने विचारण्यासारखे काही साधे प्रश्न त्यांतून निघतात. माफी चित्रफितीच्या आधी आली की नंतर? मार खाणाऱ्याकडे ती आधी पोहोचली की प्रेक्षकांकडे? तिच्यासाठी मागणाऱ्याने काही सोडलं का, की मागून काही मिळवलं? आणि समोरच्याने ‘आत्ता नको’ म्हटलं तर त्याने ते निमूट ऐकलं का? या शेवटच्या प्रश्नात विल स्मिथला काही गुण द्यावे लागतात. त्याने अकादमीचा राजीनामा स्वतः दिला, एप्रिल २०२२ची १० वर्षांची बंदी वाद न घालता स्वीकारली. जुलैत रॉकची, त्याच्या आईची आणि भावाची माफी मागताना त्याने हेही सांगितलं की रॉक अजून बोलायला तयार नाही, तो होईल तेव्हा मी आहे. त्याच स्मिथच्या २०२४च्या ‘बॅड बॉइज’ चित्रपटात त्याला थपडा मारण्याचा विनोद आहे आणि चित्रपटाने जगभरात ४० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वर्तमानपत्रं आणि वाहिन्या माफीची बातमी त्याच दिवशी देतात, पाच वर्षांनी नोंदी उघडून पाहत नाहीत. लॉस अँजेलिसच्या सरकारी वकिलांनी फरशी घासल्याचे तास बसून मोजले, म्हणून ब्राउनला आणखी १००० तास राबायची पाळी आली. गोरेगावच्या त्या माणसाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची चिकाटी दाखवली, म्हणून त्याच्या थपडेची माफी निघाली. माफीनंतरचं वर्तन सुधारावं असं खरंच वाटत असेल तर हे मोजण्याचं काम तक्रारदाराच्या एकट्याच्या अंगावर टाकून चालणार नाही. न्यायालयाने, क्लबने, निर्मात्याने माफी स्वीकारतानाच पुढच्या तपासणीच्या तारखा आणि तपासणाऱ्याचं नाव लिहून घ्यायला हवं, आणि त्या तारखांना काय दिसलं ते जाहीर करायला हवं.